रास्पबेरी पाय ४ वारंवार गोठतो : लिनक्स पुन्हा टाकावे की बोर्ड बदलावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेला रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक तापमान, आर्द्रता आणि जमिनीतील ओलावा यांच्या नोंदी घेतो व मोबाइल नेटवर्कच्या यूएसबी डोंगलमार्फत घरी पाठवतो. आठवड्यातून एकदोनदा तो गप्प होतो, वीज काढून पुन्हा दिली की कधी सुरू होतो तर कधी होत नाही, आणि कार्ड पुसून लिनक्स नव्याने टाकूनही दोष गेलेला नाही. वीज मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून मिळते. आता लिनक्स आणखी एकदा टाकावे की बोर्डच बदलावा, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते सध्या यांपैकी काहीच करू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय वीजपुरवठ्यावर जातो आणि दुसरा मेमरी कार्डावर. लिनक्स पुन्हा टाकल्याने यांपैकी एकही दोष दूर होत नाही. उलट कार्डावर शिल्लक असलेल्या नोंदी, म्हणजे आपल्याजवळचा एकमेव पुरावा, पुसला जातो. म्हणून आधी ते कार्ड दुसऱ्या संगणकाला जोडून त्याची डीडी आज्ञेने, आणि वाचताना त्रुटी येत असतील तर डीडीरेस्क्यूने, जशीच्या तशी प्रत काढून ठेवा.

त्यानंतर बोर्ड खरोखर गोठतो का, हे ठरवावे लागेल. आपल्याला दिसते ते एवढेच की घरी नोंदी येणे थांबले. पण त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. केवळ डोंगल बंद पडला असेल, तर बोर्ड चालूच असतो आणि कार्डावरच्या फाइलमध्ये संपर्क तुटल्यानंतरच्या नोंदीही सापडतात. कार्डाने साथ सोडली असेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममध्ये जिवंत असतो. अशा वेळी शेडमध्ये लॅपटॉप नेऊन नेटवर्कच्या तारेने जोडला तर पिंगला (बोर्ड जागा आहे का, हे विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर मिळते, पण एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत शिरता येत नाही, कारण पिंगचे उत्तर कर्नल स्वतः देतो, तर लॉगिनसाठी लागणारे प्रोग्राम कार्डावरून वाचावे लागतात. पिंगलाही उत्तर नसेल, तरच कर्नल थांबला आहे असे मानायला आधार मिळतो. पुढच्या वेळी बोर्ड गप्प झाला की वीज काढण्याची घाई न करता ही परीक्षा अवश्य घ्या. तपासाची दिशा बहुतेक वेळा याच टप्प्यावर ठरते.

नोंदींच्या वेळा वाचताना एक सावधगिरी हवी. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. ते पाय ५ पासून आले. वीज गेल्यावर बोर्ड शेवटी जतन केलेली वेळच धरून पुढे चालतो आणि नेटवर्क मिळाल्यावर एकदम खरी वेळ लावतो. त्यामुळे डोंगल उशिरा जोडला गेला, तर सुरुवातीच्या नोंदींवर जुनी वेळ पडते आणि रात्री झालेला बिघाड संध्याकाळी झाल्यासारखा दिसतो. जर्नलसीटीएल ही आज्ञा प्रत्येक सुरुवातीच्या नोंदी वेगळ्या दाखवते, त्यांच्या क्रमावर विश्वास ठेवा. आणि कायमची सोय म्हणून डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मोड्यूल जोडा. मात्र जर्नल, म्हणजे या नोंदींचा साठा, कार्डावर साठवले जात आहे ना, हे आधी तपासा, कारण काही मांडण्यांमध्ये ते केवळ रॅममध्ये ठेवलेले असते आणि वीज जाताच नाहीसे होते.

आता वीजपुरवठा. या बोर्डासाठी ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अॅडाप्टर सांगितलेला आहे. वरचा ०.१ व्होल्ट शोभेचा नाही, तो केबलमध्ये होणारी घट भरून काढण्यासाठी आहे. मोबाइलच्या चार्जरवर ३ अँपिअर लिहिलेले असले तरी तो आकडा पुष्कळदा चार्जर आणि फोन यांच्यात वाटाघाटीने ठरलेल्या वेगळ्या दाबाचा (व्होल्टेजचा) असतो, आणि मुख्य म्हणजे त्यासोबतची केबल बारीक असते. हिशेब करून पाहा. २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणून एक मीटर लांबीच्या केबलमध्ये तो ०.४२ ओहम होतो. बोर्ड आणि डोंगल मिळून १.२ अँपिअर घेऊ लागले, की अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो आणि ५ व्होल्टच्या चार्जरमधून बोर्डापर्यंत जेमतेम ४.५ व्होल्ट पोहोचतात. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्डावरील यंत्रणा धोक्याची नोंद करते. तीच केबल २० गेजची असेल, तर घट ०.१ व्होल्टपेक्षाही कमी राहते. चांगला चार्जर असूनही बोर्ड अडखळतो, त्याचे उत्तर फार वेळा या केबलमध्ये असते, आणि तरीही ती सर्वांत शेवटी बदलली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

बोर्ड स्वतः या गोष्टीची साक्ष देतो. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा दिली की एक षोडशमान संख्या मिळते. ती ०एक्स० असेल, तर सुरू झाल्यापासून सर्व ठीक आहे. ०एक्स५०००० आली, तर आत्ता दाब ठीक असला तरी मध्यंतरी कधीतरी तो घसरला होता आणि प्रोसेसरचा वेग आवरावा लागला होता. ०एक्स५०००५ म्हणजे ते या क्षणीही घडत आहे. 'पूर्वी घडले होते' ही खूण बोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत टिकते, पण पुन्हा सुरू होताच पुसली जाते. म्हणून गोठल्यावर वीज काढून मग ही आज्ञा देण्यात अर्थ नाही. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) एक ओळ टाकून दर मिनिटाला ही संख्या आणि प्रोसेसरचे तापमान एका फाइलमध्ये लिहीत जा, आणि लिहिल्यावर लगेच सिंक करा, म्हणजे ते खरोखर कार्डावर उतरेल. डीमेसेजमध्येही (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत) कमी दाबाची सूचना 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' अशा शब्दांत उमटते.

मल्टीमीटरने मोजायचे असेल, तर बोर्डावरच्या जीपीआयओच्या ४० टाचण्यांपैकी (पिनांपैकी) क्रमांक २ वर ५ व्होल्ट आणि क्रमांक ६ वर ग्राउंड असते. मोजताना टोके एकमेकांना लागणार नाहीत याची फार काळजी घ्या. मात्र मीटरवर ५.० दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. डोंगल मोबाइल टॉवरशी बोलताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, सिग्नल दुबळा असेल तर अधिकच, आणि ती घसरण इतकी अल्पकाळ टिकते की मीटर तिची सरासरी काढून ती लपवून टाकतो. या बोर्डाच्या चारही यूएसबी जागांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. म्हणून डोंगल थेट बोर्डात न लावता स्वतःचा अॅडाप्टर असलेल्या यूएसबी हबमधून जोडावा. तो हब उलट दिशेने बोर्डाला वीज पुरवत नाही ना, हे बोर्डाची वीज काढून तपासा : लाल दिवा तरीही मिणमिणत असेल, तर तो हब या कामाचा नाही.

तापमानाबद्दल थोडेसेच सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात बंद डबीतला प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला सहज पोहोचतो आणि तिथून तो आपला वेग कमी करू लागतो. त्याने काम मंदावते, पण बोर्ड सहसा गोठत नाही. उष्णता शोषणारी अॅल्युमिनियमची पट्टी बसवा, डबीला वारा लागू द्या आणि तपास पुढे न्या.

कार्डाचा विषय मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण वीजपुरवठ्याचा दोष कार्डाच्या बिघाडाचे रूप घेऊन पुढे येतो. ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली बदलांची नोंदवही आधी लिहिते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी ती स्वतःला सावरू शकेल असे आपण धरून चालतो. पण कार्डाच्या आत आणखी एक छोटा नियंत्रक असतो. कोणता डेटा कोणत्या भौतिक जागी ठेवला आहे याचा तक्ता तो सांभाळतो, आणि एक छोटी फाइल बदलण्यासाठीही कधी कधी मोठा ठोकळा दुसरीकडे हलवतो. त्या हलवाहलवीच्या मधोमध वीज गेली, तर लिनक्सने हातही न लावलेल्या फाइली खराब होऊ शकतात, आणि त्याविरुद्ध ईएक्सटी४ ला काहीही करता येत नाही. ग्रामीण भागात भारनियमनामुळे दिवसातून कितीतरी वेळा वीज जाते-येते, तिथे हा धोका रोजचाच आहे. वीज पुन्हा दिल्यावर आपला बोर्ड कधी सुरू होतो आणि कधी होत नाही, याचा अर्थ मला याच दिशेने लागतो.

खात्री करण्यासाठी डीमेसेजमध्ये एमएमसी० या नावाने सुरू होणाऱ्या ओळी पाहा. उणे ११० ही त्रुटी म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिले नाही, आणि उणे ८४ म्हणजे उत्तर आले पण वाटेत बिघडले. त्यापुढे ईएक्सटी४ च्या त्रुटी आणि फाइलप्रणाली केवळ वाचनासाठी जोडल्याची सूचना दिसली, तर आपला नोंदी घेणारा प्रोग्राम चालू असूनही काही लिहू शकत नव्हता असे समजावे. प्रत काढून झाल्यानंतर दुसऱ्या लिनक्स संगणकावर त्या कार्डाचा दुसरा विभाग न जोडता (माउंट न करता) त्यावर ई२एफएससीके ही फाइलप्रणाली तपासणारी आज्ञा चालवा. कार्ड बनावट तर नाही, हेही पाहिले पाहिजे. ६४ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात त्याच्या अंशानेच जागा असणे आपल्याकडच्या बाजारात अपूर्वाईचे नाही. एफ३राइट आणि एफ३रीड हे दोन प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरून व पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतात. हे रिकाम्या कार्डावरच करावे.

मुळात सुरूच होत नाही, तेव्हा हिरव्या दिव्याकडे पाहा. तो ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तसेच करतो. चार वेळा लुकलुकणे म्हणजे स्टार्ट४.ईएलएफ ही सुरुवातीची फाइल सापडली नाही. सात वेळा म्हणजे कर्नलची फाइल सापडली नाही. दोन्ही बाबतींत बोर्ड शाबूत आहे आणि कार्डाचा पहिला विभाग बिघडला आहे असा निष्कर्ष निघतो, आणि बोर्ड बदलण्याचा खर्च वाचतो.

दिवा व्यवस्थित असूनही पुढे काही होत नसेल किंवा कर्नल खरोखरच थांबत असेल, तर सिरियल कन्सोलला, म्हणजे बोर्डाचे संदेश थेट तारेने लॅपटॉपवर वाचण्याच्या सोयीला, पर्याय नाही. यूएसबी ते टीटीएल केबल घ्या, पण ती ३.३ व्होल्ट पातळीचीच असली पाहिजे; ५ व्होल्टची पातळी प्रोसेसरच्या टाचण्या जाळू शकते. केबलचे ग्राउंड टाचणी ६ ला, वाचणारी तार टाचणी ८ ला आणि पाठवणारी तार टाचणी १० ला जोडा. लाल तार मोकळीच ठेवा. कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलमध्ये 'एनेबल_यूएआरटी=१' ही ओळ घाला आणि लॅपटॉपवर वेग १,१५,२०० ठेवा. २०२३ साली आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते, आणि जुन्या लेखांतील मार्गदर्शन वाचून चुकीच्या जागी बदल करणारे पुष्कळ जण भेटतात. लॅपटॉपवर येणारा मजकूर फाइलमध्ये साठवत राहा. कार्ड निकामी झाले, तरी कर्नलचे शेवटचे शब्द या तारेवरून बाहेर आलेले असतात.

पुरवठा बदलल्यानंतर काय करावे, याचा क्रम मी असा ठेवीन. जाड व आखूड केबलचा ५.१ व्होल्टचा अॅडाप्टर, स्वतंत्र वीज असलेला हब आणि तपासून घेतलेले नवे कार्ड एवढे बसवून, लिनक्सची तीच प्रत ठेवून बोर्ड दोन आठवडे चालू द्यावा. तो टिकला, तर रास्पी-कॉन्फिगमधील ओव्हरले फाइलप्रणालीची सोय सुरू करावी, म्हणजे मूळ कार्डावर लिहिणे थांबते आणि बदल रॅममध्ये राहतात; नोंदी मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहाव्या लागतील. वॉचडॉग, म्हणजे थांबलेला बोर्ड आपोआप पुन्हा सुरू करणारा पहारेकरी, हाही तेव्हाच चालू करावा. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या मांडणीत 'रनटाइमवॉचडॉगसेक' चे मूल्य १४ सेकंद ठेवले, की थांबलेला कर्नल आपोआप पुन्हा सुरू होतो. हे आधीच करू नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण वॉचडॉग दोष मिटवत नाही, तो केवळ नजरेआड करतो, आणि तोवर कार्ड आतून झिजत राहते.

एवढे करूनही, दाबाची संख्या सतत ०एक्स० असताना आणि एमएमसीच्या त्रुटी नसताना बोर्ड गोठला, तर तेच कार्ड, तोच अॅडाप्टर आणि तोच डोंगल दुसऱ्या कुणाच्या तरी रास्पबेरी पाय ४ वर लावून पाहा. तिथे सर्व सुरळीत चालले, तर आपला बोर्ड बदलावा. तिथेही तसेच घडले, तर सिरियल कन्सोलवर साठलेल्या शेवटच्या पन्नासेक ओळी आणि डोंगलचे मॉडेल इथे कळवा, म्हणजे डोंगलच्या ड्रायव्हरकडे पाहता येईल.