पकडता येतं, सोडता येत नाही : शालेय रग्बीवर वाचकांचे प्रश्न

शाळा उघडल्या, पाऊस लागला आणि रग्बीवरची पत्रं एकदम वाढली. जवळजवळ सगळी पत्रं सातजणांच्या रग्बीबद्दल आहेत. पंधराजणांचा संघ उभा राहील इतकी मुलं एका शाळेत जमणं कठीणच, त्यामुळे उत्तरंही सातजणांच्या नियमांना धरूनच दिली आहेत.

प्रश्न : नववी-दहावीची 18 मुलं जमली आहेत. नऊ कबड्डीची, पाच फुटबॉलची, चार अगदी कोरी. मागच्या वर्षी दोन सामने खेळलो, दोन्ही हरलो : 0–33 आणि 5–26. स्पर्धेला सहा आठवडे आहेत. यंदा काही आशा आहे का? (क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : आहे. पण आधी ते 0–33 नीट वाचा, सर. 33 म्हणजे पाच ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, पाच गुण) आणि चार कन्व्हर्जन (ट्रायनंतर गोलच्या खांबांमधून मारायची किक, दोन गुण). सात-सात मिनिटांचे दोन डाव, म्हणजे चौदा मिनिटांत पाच ट्राय. आता यातली मेख अशी, की सातजणांच्या खेळात ज्यानं गुण केले तोच संघ पुढची किक-ऑफ मारतो. प्रत्येक ट्रायनंतर चेंडू तुमच्याच अंगावर येत होता! तो हातात राहिला नाही. पंधराजणांच्या रग्बीत उलटं असतं, गुण खाल्लेला संघ किक मारतो. टीव्हीवर तेच पाहिलेलं असतं, म्हणून मुलं गाफील राहतात.

तेव्हा पहिलं काम झेलाचं. रोजच्या सरावात किमान वीस किक-ऑफ मारा. झेलणाऱ्यानं किकरला छाती दाखवून उभं राहायचं नाही, कूस करून राहायचं. समोरासमोर उभ्या मुलाच्या हातांवर आदळून चेंडू निसटला की पुढे उडतो, तो नॉक-ऑन ठरतो आणि स्क्रमचा (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत जुंपून चेंडूसाठी रेटतात, त्याचा) चेंडू समोरच्यांना मिळतो. कुशीवर असलेल्या मुलाच्या हातून निसटला तर बहुधा बाजूला किंवा मागे पडतो, आणि खेळ चालू राहतो. कोपरं जवळ, तळवे डोळ्यांच्या उंचीवर, आणि मागे दोन पावलांवर एक सोबती. या सोबत्यालाच मुलं विसरतात.

तुमची स्वतःची किक-ऑफ दहा मीटर गेलीच पाहिजे, नाहीतर समोरच्यांना फ्री किक. ही ड्रॉप किक असते. चेंडू टोकावर, कमरेच्या उंचीवरून नुसता सोडायचा, वर उडवायचा नाही, आणि टप्पा पडून उठतानाच पाय लागला पाहिजे. चिखलात चेंडू रुततो, उठतच नाही. तिथे पाय किंचित आधी लागावा लागतो. हे पावसातच शिकता येतं, म्हणून पाऊस आला की सराव रद्द करू नका. विजा चमकत असतील तर मात्र लगेच आत.

आठवड्याला चार दिवस, एकेक तास पुरे. पहिले दोन आठवडे टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, अजिबात नको. दोन हातांनी शिवायचा टच खेळ आणि पास. चार मुलं एका ओळीत तीस मीटर धावत पास देत जाऊ द्या, अशा दहा फेऱ्या, आणि चेंडू किती वेळा पडला ते वहीत लिहा. जिथे जास्त पडतो ती बाजू बघा. बहुतेक उजव्या हाताच्या मुलांचा उजवीकडे जाणारा पास कच्चा असतो, कारण तिथे ढकलण्याचं काम डाव्या हाताचं. शेवटच्या तीन फेऱ्या चेंडू पाण्याच्या बादलीत बुडवून करा. ऑगस्टमधला सामना कोरड्या चेंडूनं होणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यांवर बसून टॅकल, चौथ्यात चालत्या मुलावर, पाचव्यात पाच मीटरच्या चौकोनात धावत्यावर. सहाव्यात शेजारच्या शाळेशी एक सराव सामना आणि मग हात आखडता घ्या. व्यावसायिक प्रौढ खेळाडूंसाठी सरावातली पूर्ण ताकदीची टक्कर आठवड्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसावी, असं वर्ल्ड रग्बी ही खेळाची जागतिक संघटना सांगते. शाळेच्या मुलांनी ती मर्यादा ओलांडायचं कारण नाही.

दमाचं म्हणाल, तर मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावू नका. त्यानं मुलं संथ पळायला शिकतात. दहा मीटर पळ, पोटावर पड, उठ, परत ये. असं सात मिनिटं, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा सात. अर्ध्या-पाऊण तासानं तेच परत. स्पर्धेच्या दिवशी दोन-तीन सामने लागतात आणि संघ कोसळतो तो बहुधा शेवटच्यात.

जागा ठरवताना सर्वांत जाडजूड तीन मुलं पुढे, हा मोह टाळा. सातच्या स्क्रममध्ये तिघंच असतात आणि स्क्रम सुटल्यावर त्यांनाही सत्तर मीटर रुंद मैदान सांभाळावं लागतं. चढाईपटूला मधे ठेवा. त्याला समोरच्याच्या पायांचा तोल वाचता येतो, ही शिकवून न येणारी गोष्ट आहे. फुटबॉलवाला सगळ्यात मागे, शेवटचा रक्षक आणि किकर म्हणून.

एक अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण ती येणारच. दिवाळीनंतर दहावीची मुलं पूर्वपरीक्षेच्या नावानं गळतात. निम्मा संघ नववीचा नसेल तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पाटी कोरी.

प्रश्न : मी कबड्डीत कोपऱ्याला खेळतो. रग्बीत माझी पकड बसते, तरी पंच दर वेळी माझ्याविरुद्धच शिट्टी मारतात. माझं काय चुकतं? (इयत्ता नववी, कोल्हापूर)

उत्तर : तुझी पकड बसते, ती सुटत नाही, हेच चुकतं. कबड्डीत शिट्टी होईपर्यंत धरून ठेवणारा शहाणा. रग्बीत धरलेल्या खेळाडूचा एक गुडघा जरी जमिनीला लागला आणि तूही खाली गेलास, की तुझं काम संपलं. त्या क्षणी तीन गोष्टी : हात सोड, लोळून बाजूला हो, पायांवर उभा राहा. उभा राहिल्यावर आपल्या गोलरेषेच्या बाजूनं येऊन चेंडूला हात घालू शकतोस. पडल्या पडल्या चेंडू ओढलास, किंवा त्याच्या अंगावर नुसता पसरून राहिलास, तरी पेनल्टी. आणि सातजणांत पेनल्टी म्हणजे समोरचा चेंडूला पाय लावून त्याच सेकंदाला पळत सुटतो. तुझ्या सोबत्यांना दहा मीटर मागे हटावं लागतं, ते हटेपर्यंत तो गोलरेषेवर.

सरावात हे शब्द मोठ्यानं म्हण : "धर, पाड, सोड, ऊठ." चारही एका दमात. "सोड" म्हणताना दोन्ही तळवे पंचांना दिसतील असे उघड. पंच बघतात ते हेच.

आता पकडींबद्दल. पाय धरणं नियमात बसतं, पण तू जसा घोट्यावर सूर मारतोस तसा मारू नकोस. समोरचा कबड्डीतल्यासारखा मागे सरकत नसतो, पूर्ण वेगानं अंगावर येत असतो, आणि त्याचा गुडघा नेमका तुझ्या कानशिलाच्या उंचीवर असतो. मांडीवर ये. तो तुझ्या उजव्या बाजूनं निसटत असेल तर उजवा खांदा लाव, डोकं त्याच्या मागे. तुझा गाल त्याच्या चड्डीच्या मागच्या खिशापाशी असायला हवा. डोकं पुढे गेलं, तर तो तुझ्या मानेवर पडेल. नजर वर, हनुवटी छातीवर टेकवलेली नको. हातांनी दोन्ही मांड्या आवळ आणि पाय चालवत राहा.

कबड्डीतला डॅश इथे चालत नाही. हात न गुंडाळता खांद्यानं दिलेली धडक हा फाउल आहे. मांडी धरून उचललंस आणि समोरच्याचे पाय डोक्याच्या वर गेले, तर कार्ड निश्चित. पिवळ्या कार्डाची किंमत दोन मिनिटं, म्हणजे एका डावाच्या पाव हिश्शाहून जास्त वेळ तुमचे सहाच जण.

तुझी एक सवय मात्र उपयोगाची आहे. चढाईत पकडला गेल्यावर मध्यरेषेकडे हात लांबवतोस ना? गोलरेषेजवळ पाडलं तर तसाच हात लांबवून चेंडू रेषेवर टेकव. एकदाच आणि लगेच केलंस तर ट्राय मिळते. सरपटत गेलास तर पेनल्टी.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, वजन 36 किलो. शाळेच्या रग्बी संघात त्याला घेतलंय. समोरची मुलं कधीकधी दीडपट जाडीची असतात. पाठवू का? (एक आई, पुणे)

उत्तर : तुमची भीती खोटी नाही. शालेय गट वयावर ठरतात, वजनावर नाही, आणि तेरा-चौदाव्या वर्षी एकाच वर्गात वीस किलोचा फरक असू शकतो. दुखापती बहुतेक टॅकलमध्येच होतात. डोकं, खांदा, गुडघा. त्यामुळे पाठवायचं की नाही हे मुलाच्या वजनापेक्षा सराव कोण आणि कसा घेतं यावर ठरवा. एक दिवस मैदानावर जाऊन उभ्या राहा. सरावाच्या सुरुवातीला वीस मिनिटं तोल, उड्या, मान आणि मांड्यांचा व्यायाम होतो का, ते बघा. वर्ल्ड रग्बीचा 'ॲक्टिव्हेट' नावाचा असाच कार्यक्रम आहे. इंग्लंडमधल्या शाळांत जे संघ तो आठवड्यातून तीन वेळा करत होते, त्यांच्या सामन्यांतल्या दुखापती 72 टक्क्यांनी आणि मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण 59 टक्क्यांनी कमी आढळलं. जिथे मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच टॅकल सुरू होतात, तिथून मुलाला सरळ घरी आणा.

गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड घ्या. तो दात वाचवतो. डोक्यावरची मऊ टोपी कान आणि कातडी वाचवते, मेंदूचा धक्का नाही. टोपी आहे म्हणून डोकं घालणारी मुलं जास्त धोक्यात असतात.

डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, तोल गेला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, उलटी झाली, नुसतं "डोकं जड वाटतंय" म्हणाला, तरी त्या दिवशी तो परत मैदानात जात नाही. पुढचा सामना 21 दिवसांच्या आत नाही, आणि तोही लक्षणं गेल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. उलट्या, वाढती डोकेदुखी, मानेत दुखणं, हातापायांना मुंग्या असतील तर थेट रुग्णालय. "फायनल आहे, पाणी मार आणि खेळ" असं म्हणणारे सर असतील, तर त्यांच्या हाती मूल देऊ नये.

प्रश्न : शाळेचं मैदान 60 बाय 40 मीटर, मुरमाचं. संस्थेनं थोडे पैसे दिलेत. आधी काय घ्यावं? (मुख्याध्यापक, सातारा जिल्हा)

उत्तर : चेंडू. दोन मुलांमागे एक. चौदा वर्षांखालच्यांना चार नंबरचा, वरच्यांना पाच नंबरचा. पाच नंबरचा 410 ते 460 ग्रॅमचा असतो आणि हवा 9.5 ते 10 पीएसआय लागते. गॅरेजच्या पंपावर अंदाजानं भरलेला चेंडू दगड होतो, बोटं दुखावतात आणि मुलं झेलायला घाबरतात. प्रेशर दाखवणारा हातपंप घ्या, सुई ओली करून घाला. मुरमावर चेंडूचे दाणे लवकर झिजतात. झिजलेले चेंडू किकच्या सरावाला, दाणेदार चेंडू पासला.

मैदान पूर्ण मापाचं 100 बाय 70 मीटर असतं, पण पाच-पाचच्या टच खेळाला तुमचं पुरेल. टॅकल मात्र मुरमावर नकोच. गावात तालीम असेल तर सकाळची कुस्ती झाल्यावर मऊ केलेली माती मागा, किंवा शाळेतली कुस्तीची मॅट. टॅकल बॅग विकत घेण्याआधी गोणीत चिंध्या आणि जुनं फोम ठासून भरा. वाळू भरू नका. ती भिजली की घट्ट होते आणि खांदा निखळायचं निमित्त होतं.

रेषा फक्कीनं आखा. चुना वापरू नका. या खेळात तोंड जमिनीला लागतं, ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. पोलला बांबू चालतील. दोन खांबांत 5.6 मीटर, आडवा बांबू जमिनीपासून 3 मीटरवर, आणि खालून माणसाच्या उंचीइतकी फोमची गुंडाळी, वर ताडपत्री. बूट फुटबॉलचेच चालतात. सरावाआधी स्टडवरून बोट फिरवा, धार लागली तर घासून काढा. 21 मिलिमीटरपेक्षा लांब स्टड चालत नाहीत. जर्सीचे पैसे शेवटी. बऱ्याच शाळा आधी जर्सी शिवतात आणि चेंडू दोनच आणतात.

प्रश्न : आमचा मुलगा गोलरेषा ओलांडून गेला, आनंदानं चेंडू हवेत फेकला. ट्राय मिळाली नाही. हे बरोबर आहे? (पालक, नाशिक)

उत्तर : बरोबर आहे. चेंडू हाताखाली जमिनीला टेकवावाच लागतो. आणि टेकवायचा तो शक्य तितका पोलच्या समोर, कारण कन्व्हर्जन त्याच जागेच्या सरळ रेषेत मागे जाऊन, ड्रॉप किकनं, 30 सेकंदांत मारायची असते. कोपऱ्यात ट्राय टेकवून नाचत बसलात, तर पुढचे दोन गुण गेलेच म्हणून समजा.

प्रश्न : या खेळात पुढे काही आहे का? (इयत्ता दहावी, रत्नागिरी)

उत्तर : सातजणांची रग्बी 2016 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, भारतीय पुरुष संघ तिथवर अजून पोचलेला नाही. जून 2025मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग पहिल्यांदा झाली. त्यात परदेशी खेळाडूंबरोबर भारतीय मुलंही खेळली. पैसा मिळवून देणारी जागा फार थोड्यांना मिळते, हे धरूनच चाल. शालेय प्रमाणपत्राचा वाढीव गुणांसाठी उपयोग होईल का, हे स्पर्धा कोणत्या पातळीची आहे आणि खेळ मान्य यादीत आहे का यावर ठरतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अर्जाच्या वेळीच विचार, निकालाच्या वेळी नाही. आणि जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ता तपास. त्यात फरक निघाला, तर स्पर्धेच्या सकाळी तू मैदानाबाहेर उभा राहशील.