कबीरांचा मासा आणि ‘कुठ्ठा’

प्रश्न : आम्ही मालवणचे. सोमवार आणि श्रावण सोडला, तर आमच्या ताटात मासळी असतेच. मुलीचे लग्न शीख कुटुंबात ठरले आहे. तिकडील एका आप्तांनी सांगितले, की मासे खाणाऱ्याचे पुण्य रसातळाला जाते, असे गुरू ग्रंथसाहिबात आहे. व्याही मात्र आवडीने मटण खातात. यांतले खरे काय?

उत्तर : ओळ खरी आहे. अंग १३७७ वरील (ग्रंथाच्या पृष्ठाला शीख आदराने ‘अंग’ म्हणतात) कबीरांच्या श्लोकात ‘भांग माछुली सुरा’ सेवन करणाऱ्यांची तीर्थे, व्रते, नेम सारे रसातळाला जातात, असे म्हटले आहे. ‘हे कबीरांचे, गुरूंचे नव्हे’ म्हणून ती बाजूला सारता येत नाही. आपल्या नामदेवांची पदे ज्या मानाने त्या ग्रंथात आहेत, त्याच मानाने कबीरवाणीही आहे. परंतु मासळी येथे भांग आणि मद्याच्या पंगतीला बसवली आहे, आणि माझ्या वाचनाप्रमाणे कबीरांचा रोख स्वैर वागून वर तीर्थव्रतांचा हिशेब मांडणाऱ्यावर आहे.

याच ग्रंथात अंग १२८९ वर गुरू नानक म्हणतात, ‘मासु मासु करि मूरखु झगड़े’; मांस कोणते, भाजी कोणती आणि पाप कशात, असा त्यांचा सवाल आहे. त्याच ग्रंथातील ‘आसा दी वार’ या रचनेत तर धान्याचा एकही दाणा जीवावाचून नाही, असे ते सांगतात. हा मांसाहाराचा परवाना मात्र नव्हे. हा घाव सोवळ्याच्या अभिमानावर आहे, जो सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवून शेजाऱ्याच्या चुलीकडे नाक मुरडणाऱ्या आपल्यालाही थोडा लागावा.

आचरणापुरता निर्णय १९४५ साली मान्य झालेल्या ‘सिख रहत मर्यादे’त, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, मिळतो. तिच्यात अमृतधारी (दीक्षा घेतलेल्या) शिखाला ‘कुठ्ठा’ वर्ज्य आहे आणि त्याचा अर्थ मुस्लिम पद्धतीने कापलेल्या प्राण्याचे मांस असा दिला आहे. खरा वाद या एका शब्दाभोवती आहे, कारण ‘अखंड कीर्तनी जथा’ या शीख गटाचे अनुयायी ‘कुठ्ठा’ म्हणजे मारलेल्या कोणत्याही जीवाचे मांस असे मानतात. नामधारी पंथाचे शीखही शाकाहारीच असतात. निहंग या शस्त्रधारी शिखांमध्ये मात्र झटक्याची (प्राणी एका घावात मारण्याची) परंपरा आहे. म्हणजे आप्त आणि व्याही दोघेही आपापल्या परंपरेत बसतात.

गुरुद्वारातील लंगर शाकाहारी असतो, त्यामुळे आनंद कारजाच्या (शीख विवाहविधीच्या) दिवशी प्रश्नच येणार नाही. नंतर घरी जेवण घालाल, तेव्हा व्याह्यांना मटण झटक्याचे लागते का, हे आधी विचारा आणि त्या आप्तांसाठी सोलकढी, काळ्या वाटाण्यांची उसळ वेगळ्या भांड्यांत ठेवा.