किटाचं पहिलं वर्ष: मूल आजारी पडणारच, तयारी कशाची करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत पुण्याहून म्युनिकला जायचं आहे, मुलगी सव्वातीन वर्षांची, वजन १४ किलो. सप्टेंबरपासून किटात (म्हणजे तिथल्या बालवाडीत) जागा मिळाली आहे. नवऱ्याची नोकरी ठरली आहे, तुम्हीही १ ऑक्टोबरला रुजू व्हायचं म्हणताय. आणि 'तिकडे पहिल्या वर्षी मुलं सारखी आजारी असतात' हे ऐकून धास्तावला आहात.

ऐकलंत ते खरं आहे. किटाच्या पहिल्या वर्षात आठ ते बारा वेळा सर्दी-ताप-जुलाब होणं हे तिथले बालरोगतज्ज्ञ सर्वसाधारण धरतात. यात मूल 'नाजूक' असण्याचा संबंध नाही. सर्दीच्या नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा ओळखीचा होत नाही. पुण्यात दोन वर्षं प्लेग्रुपला गेलेल्या मुलाची थोडी बेगमी झालेली असते. घरी आजीजवळ वाढलेलं मूल शून्यापासून सुरुवात करतं. प्रत्येक सर्दीनंतरचा खोकला दोन-दोन आठवडे रेंगाळतो, म्हणून ऑक्टोबर ते मार्च नाक कोरडं असलेले दिवस मोजावे लागतात.

आजी फोनवर म्हणणार, 'थंडी बाधली, पावसात कशाला खेळवतात?' किटावाले पावसातही मुलांना बाहेर काढतात, माचहोजं नावाची रबरी विजार आणि गमबूट घालून. त्याने आजार येत नाही. तो येतो आत, हीटिंगने कोरड्या पडलेल्या बंद खोलीत, जिथे एकाने चोखलेला ठोकळा दहा मिनिटांत तिसऱ्याच्या तोंडात असतो.

आता हिशेब. दहा आजार धरा, प्रत्येकी तीन-चार दिवस घरी, म्हणजे वर्षाला तीस-चाळीस दिवस. शिवाय किटाचे स्वतःचे बंद दिवस साधारण तीन-चार आठवडे, आणि हिवाळ्यात ताईच आजारी पडल्या की 'आज मुलं दुपारी बारालाच न्या' असे निरोप. पहिल्या हिवाळ्यात घरात दोन नोकऱ्या नसून दीड नोकरी आहे असं धरूनच चाला.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक तुमच्या बेतातच आहे: १ ऑक्टोबर. किटात मूल पहिल्या दिवशी सोडून येता येत नाही. आइनगेवोनुंग म्हणजे रुळवण्याचा काळ असतो. 'बर्लिन मॉडेल' नावाच्या पद्धतीत पहिले तीन दिवस पालकाने वर्गातच बसायचं, चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन बघायचं, मग हळूहळू वेळ वाढवायचा. सुरळीत झालं तर दोन-चार आठवडे. पण पहिला ताप बरोबर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो, मूल पाच दिवस घरी राहतं आणि परतल्यावर बरीचशी उजळणी करावी लागते. रुजू व्हायची तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर ढकला, जमलं तर डिसेंबरवर. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं. मुलाच्या आजारपणाची रजा तेव्हाही हक्काची आहे, पण त्या काळात कंपनी कारण न देता दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकते हेही खरं. शिवाय नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत तुम्ही स्वतः आजारी पडलात (पडणारच, मुलीचीच सर्दी), तर पगार कंपनी देत नाही. सरकारी विम्याकडून आजारभत्ता घ्यावा लागतो.

पैशाचं बघू. सरकारी विम्यात, म्हणजे क्रांकेनकासेत, असलेल्या प्रत्येक नोकरदार पालकाला १२ वर्षांखालच्या मुलामागे २०२४ पासून वर्षाला १५ दिवसांचा किंडरक्रांकेनगेल्ड, म्हणजे मुलाच्या आजारपणाचा भत्ता, मिळतो. दोघांचे मिळून ३०, एकट्या पालकाला ३०. रक्कम बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ९० टक्के, पण वरून मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती दिवसाला १२८.६३ युरो होती, आयटीतल्या पगाराला ती लागते. दोन अटी लोक विसरतात. घरात मुलाला सांभाळू शकणारं दुसरं कुणी नसलं पाहिजे. म्हणजे तुम्ही नोकरी सुरू करेपर्यंत नवऱ्याला हे सहसा मिळणार नाही. आणि मूल सरकारी विम्यातच हवं. पगार जास्त असेल तर एजंट खासगी विमा गळ्यात मारायला बघतात, हप्ता कमी आणि डॉक्टर लवकर म्हणून. खासगीत मुलाचा हप्ता वेगळा पडतो आणि हा भत्ता अजिबात नाही. लहान मूल असेल तर सरकारीच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

भत्त्यासाठी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचा दाखला लागतो. लोक त्याला किंडरक्रांकशाइन म्हणतात. मूल त्या दवाखान्याच्या ओळखीचं असेल आणि आजार साधा असेल, तर डिसेंबर २०२३ पासून हा दाखला फोनवरही पाच दिवसांपर्यंत मिळतो. सकाळचा क्रम असा: आठच्या आत किटाला कळवा, मग कंपनीला, मग दवाखान्याला फोन. दाखला आला की क्रांकेनकासेच्या ॲपवर चढवा, प्रत कंपनीला.

'ओळखीचं असेल तर' हे शब्द महत्त्वाचे, कारण म्युनिकमध्ये बालरोगतज्ज्ञ मिळणं हेच अवघड. अनेक दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत. घराचा पत्ता ठरला की त्याच आठवड्यात फोन सुरू करा. आजारी पडल्यावर नव्हे, 'यू-सात-आ' किंवा 'यू-आठ' या ठरलेल्या तपासणीची वेळ हवी म्हणून करा. यू-आठ ४६ ते ४८ महिन्यांच्या वयात असते, म्हणजे तुमच्यासाठी पुढच्या वर्षी. यू-सात-आचं वय उलटून गेलंय, तरी विचारायला हरकत नाही. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा तर ११६११७ ला फोन, जिवावर बेतलं तर ११२.

किटाचे नियम जागोजागी वेगळे, पण तीन सगळीकडे जवळपास सारखेच. ताप औषधाशिवाय किमान २४ तास उतरलेला हवा. उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झालेले हवेत. उवा निघाल्या तर पहिला उपचार करून मूल परत, आणि आठ ते दहा दिवसांनी दुसरा उपचार. तो विसरला की अंड्यांतून नवी पिढी निघते. हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या आजारात मुलाला किटात आणायला जर्मनीत कायद्याने बंदी नाही, तरी किटावाले बहुधा फोड सुकेपर्यंत थांबायला सांगतात. सकाळी सात वाजता तापाचं औषध पाजून मूल सोडायची आपली जुनी युक्ती तिथे चालत नाही. साडेअकराला डोस उतरतो, मूल गालिच्यावर आडवं होतं आणि फोन येतो. शिवाय दुसऱ्या दिवशीपासून ताई तुमच्या शब्दावर विसंबत नाहीत.

औषधांत घोळ होतो तो 'एक चमचा' या मापामुळे. इबुप्रोफेनचं सिरप तिथे दोन तीव्रतांत मिळतं: २ टक्के आणि ४ टक्के. बाटल्या दिसायला भाऊ-भाऊ. १४ किलोच्या मुलीला २ टक्क्याचे ५ मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. तेच ५ मिली ४ टक्क्याचे दिलेत की दुप्पट. पॅरासिटामॉलचं भारतातलं सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं, तिथलं २०० चं. म्हणून मिलीत नव्हे, मिलिग्रॅममध्ये विचार करा. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. उलटी होत असेल तर त्सेप्फशेन, म्हणजे गुदद्वारातून द्यायची गोळी. १३ किलोपासून २५० मिलिग्रॅमची. इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं भारतीय सिरप नेऊच नका. त्यावर तिथलं इबुप्रोफेन पडलं की मोजमाप संपलं. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या मुलाला आणि कांजिण्यांतही इबुप्रोफेन टाळतात. सर्दीची मिश्र सिरपंही इथेच ठेवा. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिन मिश्रण ४ वर्षांखाली देऊ नये, अशी सूचना भारतातल्याच औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढली आहे.

तिथले डॉक्टर सर्दीला काहीच देत नाहीत, 'पाणी प्या, आराम करा' म्हणून परत पाठवतात, अशी तक्रार तुम्हीही करणार. विषाणूवर ॲन्टिबायोटिक चालत नाही, म्हणून ते देत नाहीत, इतकंच. चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब. झायलोमेटाझोलिन, म्हणजे नाक मोकळं करणारं औषध, २ ते ६ वर्षांना ०.०५ टक्क्याचं, आठवड्यापेक्षा जास्त नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं सिरपही १२ वर्षांपर्यंत विम्यातून येतं. चिठ्ठी २०२४ पासून विम्याच्या कार्डावरच चढते.

एक आजार तिथे पहिल्यांदाच अचानक भेटतो: प्सॉइडोक्रुप. संध्याकाळपर्यंत साधी सर्दी असते. रात्री एकच्या सुमारास मूल दचकून उठतं आणि कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकतं, श्वास घेताना घर्र आवाज. घशाखालचा भाग सुजलेला असतो. मुलाला मांडीवर सरळ बसवा, रडू देऊ नका, खिडकी उघडून गार हवा घेऊ द्या. दहा-वीस मिनिटांत बहुधा निवळतं. स्वस्थ बसलेलं असतानाही श्वासाला आवाज येत असेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील किंवा ओठ निळसर दिसले तर ११२. एकदा झालं की डॉक्टर कॉर्टिझोनची त्सेप्फशेन लिहून देतात; ती फ्रिजजवळच्या कप्प्यात नव्हे, हाताशी ठेवा. ११२ आणखी दोन वेळा: तापातली आकडी पाच मिनिटांहून लांबली तर, आणि अंगावरचे ठिपके काचेचा ग्लास दाबूनही फिके पडत नसतील तर.

आजी-आजोबांना बोलवायचं असेल तर लोक बोलावतात जुलै-ऑगस्टला, हवा छान म्हणून. व्हिसा १८० दिवसांत ९० चाच. ते दिवस नोव्हेंबर ते जानेवारीसाठी राखा. त्यांनी फ्लूची लस इथेच घेऊन निघावं, कारण नातीची सर्दी आजोबांना दोन दिवसांत गाठते.

आणि आता निघण्याआधीचं काम. मार्च २०२० पासूनच्या कायद्याने गोवर लसीचा पुरावा नसेल तर किटा मुलाला घेऊच शकत नाही. दोन वर्षांपुढे दोन डोस लागतात. सरकारी कार्डावरचा 'एमआर' (गोवर-रुबेला) ९ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांचा, दोन्ही आहेत का बघा. खासगीत 'एमएमआर' असेल तर तेही चालतं. एमआरमध्ये गालगुंड नसतं, म्हणून तिथे एक-दोन एमएमआर सुचवतील. म्युनिकच्या आसपास गोचिडीच्या मेंदूज्वराची, एफएसएमईची, लसही सुचवतात. पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांकडून एक पान इंग्रजीत घ्या: लसीचं नाव, तारीख, सही, शिक्का. ॲलर्जी, दमा, कधी आकडी आली असेल तर तेही त्यावरच. शिक्का वाचता येतोय ना, हे दवाखान्यातून निघण्याआधी बघा; किटातली बाई तोच पहिला बघते.