जांभळाचा सिरका : तुमचे प्रश्न

इंदूरच्या चोइथराम मंडीत जांभळाच्या पाट्या लागल्या की एकाच गोंधळाची पत्रं येऊ लागतात. सिरका म्हणजे नुसता आंबवलेला रस नव्हे, तो दोनदा आंबतो. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, त्याला हवा नको. मग अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, त्यांना हवा लागतेच. खालची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

आम्ही आठ घरांनी मिळून २० किलो जांभळं घेतली आहेत. सुरुवात कशी करावी? (राजेंद्र नगर)

काम वाटून घ्या, पण पिंप एकच ठेवा आणि वहीही एकच. प्रत्येकीने आपापल्या घरी थोडं थोडं लावलं की गोडी आठ तऱ्हेची होते आणि कुठे काय बिघडलं ते कळत नाही.

जांभळं हाताने कुस्करा, मिक्सर नको. बी फुटली की तुरटपणा उतरतो. गराच्या चौथाई पाणी घाला, तेही उकळून गार केलेलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना बाधतं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाची गोडी मोजायच्या यंत्रावर, गोडी १३ ब्रिक्सच्या (साधारण १३ टक्के साखरेच्या) आसपास हवी. १० भरली तर लिटरमागे ३० ते ३५ ग्रॅम साखर घाला. लिटरला १ ग्रॅम कोरडं यीस्ट कोमट पाण्यात फुलवून मिसळा. पिंप पाऊणच भरा आणि झाकण सैल ठेवा. वर तरंगणारा चोथा रोज दोनदा खाली दाबा. पाच-सात दिवसांत बुडबुडे थांबले की गाळा.

आता रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. चार भाग रसाला एक भाग जिवंत, न तापवलेला सिरका घाला. तोंडाला मलमलीचं चारपदरी फडकं घट्ट बांधा, चिलटं आत जाता कामा नयेत. २५ ते ३० अंशांत सहा ते आठ आठवडे लागतात. बरणी हलवू नका. वर जिवाणूंची साय धरते, ती मोडली की काम रेंगाळतं.

पितळेचं कल्हईचं पातेलं चालेल का?

नाही. अ‍ॅल्युमिनियमही नाही.

शेजारच्या काकांकडे तांब्याची नळी आहे. याच रसाची ब्रँडी काढता येईल का?

नाही. परवान्याशिवाय दारू गाळणं मध्य प्रदेशात गुन्हा आहे. शिवाय फळातल्या पेक्टिनपासून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल तयार होतं आणि ते वासावरून वा चवीवरून ओळखता येत नाही. पहिल्या टप्प्यातला आंबलेला रस प्यायला ठेवणं किंवा वाटणं हाही मद्याचाच मामला आहे. शंका असेल तर आबकारी खात्यात विचारा, शेजारी नव्हे.

तीन आठवड्यांपासून नेलपॉलिशसारखा वास येतो. फेकू का? (लोकमान्य नगर)

पहिल्या आठवड्यातच विचारायला हवं होतं. तो वास इथाइल अ‍ॅसिटेटचा, म्हणजे हवा कमी पडते आहे. अधिक रुंद बरणीत ओता, पुन्हा जिवंत सिरका घाला, दोन आठवडे थांबा. वर लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी असेल तर मात्र सगळंच टाका. ती काढून उरलेलं वापरणं नको.

हाच सिरका कांदा, गाजराच्या लोणच्याला वापरू का? चवीला चांगला आंबट आहे.

जिभेवर भरवसा ठेवू नका. २ टक्के आम्लाचा सिरकाही आंबटच लागतो, पण तो भाजी टिकवू शकत नाही. बरणीतल्या पदार्थाचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या वर राहिला तर बोट्युलिनमचे जिवाणू वाढू शकतात, आणि त्यांचं विष डोळ्यांना दिसत नाही, वासाला कळत नाही. लोणच्यासाठी ५ टक्के आम्ल धरा.

पीएचच्या कागदी पट्ट्याही इथे फसवतात, कारण जांभळाचा रंगच पट्टीवर चढतो. प्रयोगशाळेत १० मिली सिरका १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात घालून ०.५ नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याने आम्ल मोजतात. सोडा जितके मिली लागला त्याला ०.३ ने गुणलं की टक्के मिळतात. १४ मिली लागला तर ४.२ टक्के. पण आम्ल संपत आलं की जांभळाचा रंग स्वतःच पालटतो आणि फिनॉलफ्थेलिनचा, म्हणजे आम्ल संपल्याची खूण देणाऱ्या रसायनाचा, गुलाबी रंग दिसेनासा होतो. म्हणून पीएच मीटरवर ८.२ येईपर्यंत मोजायला सांगा. हे स्वयंपाकघरात करू नका, कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या. आकडा हाती येईपर्यंत सिरका कोशिंबिरीत वापरा आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

सासूबाई साखरेची गोळी बंद करून रोज अर्धी वाटी सिरका घेतात. कुणीतरी सांगितलं.

गोळी आजच परत सुरू करा आणि डॉक्टरांना गाठा. सिरका हे मधुमेहाचं औषध नाही. तो नुसता प्यायल्याने दातांचं आवरण झिजतं, अन्ननलिका भाजते. घ्यायचाच तर ग्लासभर पाण्यात एक चमचा, तोही डॉक्टरांना विचारून.

बाजारातला 'जांभूळ सिरका' खरा कसा ओळखावा?

समोरचं चित्र सोडा, पाठीमागचे बारीक अक्षर वाचा. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडपासून बनवलेल्या सिरक्यावर सिंथेटिक असं लिहावंच लागतं. घटकांत पाणी, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, रंग आणि इसेन्स असेल तर त्यात जांभूळ शोधू नका. 'जिवंत' म्हणून विकलेल्या बाटलीवर पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जिवाणू मारलेला, असं लिहिलं असेल, तर ती विरजणाला निरुपयोगी.

बाटलीत भरल्यावर पुन्हा साय धरली.

गाळा आणि वापरा. पुढच्या वेळी ६५ अंशांवर १० मिनिटं तापवा, बाटल्या काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. विरजणापुरता अर्धा लिटर मात्र न तापवता वेगळा ठेवा.