उंच बॉक्सरसमोर पळू नकोस

अरे, समोरचा उंच आहे म्हणून लांब राहिलास तर संपलास. तिथून त्याचाच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पोचतो. १८ मे २०२४ची रियाधमधली हेवीवेट बॉक्सर उसिक आणि फ्युरी यांची लढत लाव आणि हातांकडे बघू नकोस, फक्त पाय बघ. ६ फूट ३ इंचांचा डावखुरा उसिक ६ फूट ९ इंचांच्या फ्युरीच्या पुढच्या पावलाबाहेर आपलं उजवं पाऊल टाकतो, आणि तिथून डाव्या हाताचा सरळ ठोसा आत. मधल्या फेऱ्यांत मार खाल्लाच उसिकने, पण नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर झोकांड्या खात होता.

तू उजवा. समोरचाही उजवा असेल तर त्याच्या डाव्या खांद्याच्या बाहेर सरक, त्याचा उजवा हात लांब पडतो. आधी पोटावर जॅब. क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून धरल्यावर, तो अंगावर रेलला की पाय गेलेच तुझे, म्हणून मारून लगेच बाजूला हो, सरळ मागे नाही.