लिथुआनियाची मुलगी इंग्रजीत जॅझ गाते, ही नुसती नक्कल नाही का?

प्रश्नात तुम्ही व्हिक्टोरिया गेचीतेचा प्रवास विचारलाय आणि शेवटी हे नकलेचं शेपूट जोडलंय. प्रवास थोडक्यात सांगते. शेपटाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय.

व्हिक्टोरिया मूळची लिथुआनियाची. शिकायला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात गेली. पुढे जीन पर्ला यांच्यासोबत गायला लागली. पर्ला म्हणजे सारा व्हॉन, नीना सिमोन, एल्विन जोन्स अशा जॅझमधल्या दिग्गजांबरोबर बास, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, वाजवलेला माणूस. त्यांच्या शेजारी उभं राहून गायचं, तर नकलेवर दोन गाणीसुद्धा निभत नाहीत. नंतर ती पॅरिसला गेली. आवाज तुम्हीच ऐका, तो लिहून कळत नाही.

आता शेपूट. एमएसाठी मी दोन वर्षं लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला होते. तिथल्या एका तळघरातल्या बारमध्ये आठवड्यातून एकदा जॅम असायचा, म्हणजे येईल त्याने नाव देऊन गायचं-वाजवायचं अशी मैफल. बारा वर्षं ख्याल शिकलेय, एक इंग्रजी गाणं काय अवघड, अशा गुर्मीत मी नाव दिलं. पियानोवाल्याने पट्टी विचारली आणि माझ्या तोंडून निघालं, "काळी चार." मग जाऊन बोट ठेवून दाखवावं लागलं. तो खूश! काळी चार म्हणजे त्यांचा ए फ्लॅट, जॅझवाल्यांची घरचीच पट्टी.

पहिल्यांदा गाणं नीट झालं. मग पियानोचा सोलो सुरू झाला आणि माझा घोळ. ही गाणी बहुतेक बत्तीस बारांची असतात (हा बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक गट), आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसरा आपल्या अंतऱ्यासारखा वेगळा. हे मला पाठ होतं. पण मी मांडीवर समेची टाळी धरून बसलेली, आणि ड्रमरचा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. त्यात मी वाट बघत होते तिहाईची, म्हणजे तीनदा वाजून समेवर आणणाऱ्या तुकड्याची! समेवर येताना हा काहीतरी खूण देईलच ना? तो कशाला देतोय. तेवढ्यात बासवाला माझ्याकडे बघून तळव्याने स्वतःचं डोकं थोपटायला लागला. मला वाटलं, "डोकं फिरलंय का" म्हणतोय. मी ओशाळून गप्प उभी. डोकं म्हणजे हेड, हेड म्हणजे मूळ चाल, आता तू ये, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी आले ती सोळा बार उशिरा, अंतऱ्याच्या जागी मुखड्याचे शब्द घेऊन.

नंतर ड्रमर म्हणाला, "शब्द ठीक होते. तू आम्हाला ऐकत नव्हतीस." भाषेचं कुणी नावही काढलं नाही.

काढणार तरी कोण? त्या देशाने जॅझ उचललाच कानाने. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओवर 1955 पासून विलिस कोनोव्हर जॅझ लावायचे आणि परक्यांना कळावं म्हणून मुद्दाम सावकाश बोलायचे. सोव्हिएत काळात लोक शॉर्टवेव्हला कान लावून तेच ऐकत. विल्नियसच्या जॅझमधलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे गानेलिन त्रिकूट, 1971 चं. गानेलिन, तारासोव, चेकासिन. तिघांपैकी एकही लिथुआनियात जन्मलेला नाही, तिघेही रशियातून आलेले! बिर्श्तोनासचा जॅझ महोत्सव 1980 पासून, काउनासचा 1991 पासून. शिवाय त्यांच्या खेड्यातल्या बायकांची सुतार्तिनेस गाणी ऐका. दोन आवाज सा आणि रे एकाच वेळी धरून चालतात. आपण तंबोरा पुन्हा लावायला घेऊ, त्यांना तेच गोड लागतं. असला कान घेऊन आलेली मुलगी जॅझ गायला लागली तर नवल कसलं?

पुण्यात आमच्या गाणं शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, "परक्या भाषेत गाणं म्हणजे शेजारणीचा शालू नेसून मिरवणं." ताई, आणि तुम्ही बारा वर्षं मला शिकवलंत ते काय होतं? "मोरी ननदिया" हे बंदिशीतलं ब्रज, तुमच्या घरात तसं कोण म्हणतं? तुमच्या नणंदेला तर तुम्ही "वन्सं" म्हणता. गदगच्या भीमसेनांची मातृभाषा कानडी. कुमारजींची मातृभाषाही कानडीच. त्यांचे अभंग आणि नाट्यपदं ऐकताना शालू कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. मग इंग्रजीलाच हा कायदा का?

एक गोष्ट मात्र मान्य. उच्चारांवर घाम गाळावाच लागतो. आपला एकच "व" इंग्रजीत दोन ठिकाणी फसवतो. मी आधी सगळं गाणं चाल न लावता, गप्पा मारल्यासारखं म्हणून बघते. तुम्हाला स्वतःला गायचं असेल तर हे करा, आणि गाण्यापेक्षा बास ऐकायला जास्त वेळ द्या. पोटापाण्याचं म्हणाल तर देश तीस लाखांच्याही आतला, नुसत्या जॅझवर घर चालवणं तिथे कठीणच. पण तो प्रश्न पैशाचा झाला.

ताई इथे नसतात, त्यांची सून असते. वहिनी, एवढं वाचून दाखवाच. नणंदेचं तर दोनदा वाचा.