आंब्याच्या पैशातून दुर्बिणीचा माउंट: कोणता आणि कधी?

सप्रेम नमस्कार.

देवगडला तुमची कलमं आहेत, दोन खोल्यांचं होमस्टे आहे, 130 मिलिमीटरची दुर्बीण आणि कॅमेरा घरात आहे. पाहुण्यांना तारे दाखवायला आणि स्वतःला फोटो काढायला एकच माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारी बैठक, हवाय. 1,20,000 चा जड विषुववृत्तीय (पृथ्वीच्या आसाला समांतर फिरून ताऱ्यामागे जाणारा), की 45,000 चा, तसाही आणि साधा वर-खाली, डावी-उजवीकडेही चालणारा, पाच किलो पेलणारा हलका, असं तुम्ही विचारता. जड घेतलात तर 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज काढून पाहुण्यांकडून माणशी 300 रुपये घेऊन त्यातून फेडायचा विचार आहे.

माझं मत हलक्याच्या बाजूने. तोही रोखीने आणि दिवाळीनंतर.

कर्जाचा हप्ता महिना सुमारे 5,760 बसतो. दोन वर्षांत 1,38,000 च्या वर जातात, म्हणजे साधारण 460 पाहुणे. जून ते सप्टेंबर आकाशच दिसत नाही, हप्ता मात्र चुकत नाही. पुढे मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की औषधाचं बिल आणि हप्ता एकाच महिन्यात अंगावर येतात. बागेवर पोट आहे; तिच्या औषधाला हात लागेल असं कर्ज मला तुमच्यासाठी नको वाटतं.

पाहुण्यांना काय दाखवणार? चंद्रावरची विवरं, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र. त्याला हलका माउंट पुरतो. फोटोचं गणित वेगळं. माउंट जेवढं वजन पेलतो म्हणतात, त्याच्या निम्म्यावरच थांबावं, नाहीतर तारे ओघळल्यासारखे येतात. हलक्याचे पाच किलो म्हणजे फोटोसाठी अडीचच; म्हणून त्यावर दुर्बिणीतून फोटो नकोत, नुसता कॅमेरा आणि लेन्स लावा. मार्चमध्ये पहाटे साडेचारला आग्नेयेला धनु राशीतला आकाशगंगेचा दाट पट्टा चांगला वर आलेला असतो. दोन हिवाळे त्यात हात बसू दे. त्यानंतरही जड माउंटची ओढ राहिली, तर मी स्वतः तुम्हाला त्यासाठी बचत लावून देईन.

मे महिन्यात दलालाची पट्टी, म्हणजे आंब्याच्या विक्रीचा हिशेब आणि पैसे, आली की आधी खतं-फवारणीचे पैसे बाजूला काढा, मग 45,000 सहा महिन्यांच्या ठेवीत टाका. जूनमध्ये खरेदी नको. वॉरंटीचे चार महिने खोक्यातच जातील, वर खारी दमट हवा. माझ्या एका लेन्सला एकाच पावसाळ्यात बुरशी धरली, ती पुन्हा साफ झालीच नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलचे पैसे आत्ताच धरा.

पैसे देण्याआधी एक काम करा. फोटोसाठी माउंट ध्रुवताऱ्याशी जुळवावा लागतो आणि देवगडहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर दीड मुठीहून थोडा वर. काही माउंट इतके खाली झुकवले की तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. दुकानदाराला तेवढ्या कोनावर लावून, फिरवून दाखवायला सांगा. आणि एका रात्री खळ्यात उभं राहून बघा, ध्रुव माडाच्या झावळ्यांआड जातो का. जात असेल, तर सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर, नेता येईल असाच माउंट तुमच्या कामाचा.